धूर नाही, वाफ आहे

१२ जुलै २००८, शनिवार. कॅरी, नॉर्थ कॅरोलिना

आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही.

आढावा. वय पंचवीस. बाबा इकडे स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडी करत होते तेव्हाचा जन्म, म्हणून पासपोर्ट अमेरिकेचा. वाढलो नागपुरात. इंजिनिअरिंग दोन वर्षं केलं. ते माझ्यासाठी नाही हे माझ्याआधी कॉलेजच्या लक्षात आलं. मग इकडे आलो. स्टेट कॉलेजला एक सेमिस्टर, नंतर देशाच्या दुसऱ्या टोकाला चँडलरच्या मॉलमध्ये मोबाइलची कव्हरं विकली. आता इथे, चुलतभाऊ गुरुनाथदादाकडे. इथली सगळी मराठी मंडळी व्हिसावर आहेत, नोकरी गेली की बॅग भरायची. मला मात्र कुणी परत पाठवू शकत नाही. दादा म्हणतो, हाच तुझा प्रॉब्लेम आहे.

आज जेवताना त्याने स्पष्टच सांगितलं. डिसेंबरात शुभावहिनीचे आईबाबा येणार, सहा महिने राहणार, त्यांना माझी खोली लागेल. तोवर काहीतरी कर, नाहीतर चँडलरला जा, तिथे माझा एक मित्र तुला वेअरहाउसमध्ये लावून देईल. खोकी उचलायची. मी म्हटलं, बघू.

डिसेंबर फार लांब आहे.

१३ जुलै, रविवार

आयडिया सापडली. म्हणजे ती पोस्टाने आली. चँडलरला कव्हरं पाठवायचे ते शेन्झेनचे मिस्टर लियू, त्यांनी सँपल पाठवलंय. इलेक्ट्रॉनिक सिगारेट. आत बॅटरी, टोकाला लाल दिवा, मागे छोटं कार्ट्रिज, त्यात निकोटिनचं पाणी. ओढली की वाफ येते. धूर नाही, वाफ आहे. आग नाही, राख नाही. इथून अर्धा तास गाडी हाकली की दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं लागतात. अशा राज्यात हे यंत्र आणणारा पहिला माणूस मी.

याबद्दल कायदा काय आहे ते इंटरनेटवर शोधलं. दहा मिनिटं. मग एका माणसाने व्हॅनमध्ये राहून अलास्का कसं पाहिलं ते लिहिलं होतं, ते वाचलं. संध्याकाळ झाली. कधीतरी जायला पाहिजे.

निष्कर्ष: कायदा सापडला नाही. म्हणजे परवानगी आहे.

२० जुलै, रविवार

मनोहरकाकांना भेटलो. काकांनी आयटी कंपनी काढली, वाढवली, विकली. आता इथल्या मराठी मंडळात लोक त्यांच्याशी जरा वाकून बोलतात. त्यांची पीएचडी कापड रंगवण्याच्या केमिस्ट्रीतली आहे, त्यामुळे नावामागे डॉक्टर.

काकांनी यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. म्हणाले, कायदा काय म्हणतो? मी अभिमानाने म्हटलं, कायदाच नाही. काका म्हणाले, मग मला भीती वाटते. कायदा असला की दार कुठे आहे ते कळतं. नसला की उद्या कोण कुठे भिंत बांधेल सांगता येत नाही, आणि पैसे आत अडकलेले. मी म्हटलं, काका, भिंत बांधायच्या आधीच आत शिरायचं असतं. ते हसले. काकू म्हणाल्या, आत शिरायच्या आधी पोहे खाऊन घे.

शेवटी अट घातली. गणपतीत लोकांना दाखव, ऑर्डरी घे, आणि दिवाळीपर्यंत माल कॅरीत आणून दाखव. आणलास तर मी भागीदार, ऑफिस माझं, तुला पगार.

म्हणजे होकारच.

२ ऑगस्ट, शनिवार

पहिल्या लॉटसाठी कोरोला विकली. दादा म्हणाला, कॅरीत गाडी विकणारा पहिला माणूस तूच असशील. दुसऱ्यांदा पहिला.

संकल्प: पायी चालायचं. तब्येतीला चांगलं.

३ ऑगस्ट, रविवार

इथे फूटपाथ नाहीत.

९ ऑगस्ट, शनिवार

प्रॉडक्ट टेस्टिंग सुरू. मी सिगारेट ओढत नाही. कॉलेजात दोनदा ओढली, दोन्ही वेळा खोकला. पण जी वस्तू आपण वापरली नाही ती विकणं म्हणजे फसवणूक. गराजमध्ये बसून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, एवढंच. वाफ चांगली येते. डोकं हलकं होतं. बिझनेस प्लॅनची दोन पानं झाली.

१७ ऑगस्ट, रविवार

बिझनेस प्लॅनसाठी टेस्टिंग वाढवावं लागलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

सँपलची कार्ट्रिजं संपली. एक गणपतीच्या डेमोसाठी ठेवलंय, त्याला हात लावायचा नाही. सकाळपासून चिडचिड. दादाची मुलगी स्वानंदी, वय नऊ, पियानोवर तेच तेच वाजवत होती, तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, व्हॉट इज युवर प्रॉब्लेम, काका. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, बरोबर विचारतेय.

दुपारी चालत गॅस स्टेशनवर गेलो. एक पाकीट घेतलं. प्रतिस्पर्ध्याचा माल माहीत नको का? अभ्यास म्हणून दोन ओढल्या. या वेळी खोकला आला नाही. नोंद: प्रतिस्पर्ध्याला कमी लेखू नये.

६ सप्टेंबर, शनिवार

मंडळाचा गणपती. हायस्कूलच्या कॅफेटेरियात. शाळा आहे म्हणून धूर-आग बंद, उदबत्ती नाही, निरांजनात इलेक्ट्रिकचे दिवे. माझं टेबल मोदकांच्या रांगेजवळ मिळालं, मोक्याची जागा.

पुरुष आले की यंत्राकडे बघायचे, मग बायकोकडे बघायचे, मग पुढे जायचे. बायका विचारायच्या, काय आहे? सिगारेट, असं म्हटलं की प्लेट घेऊन जवळजवळ पळायच्या. एक काकू तर म्हणाल्या, बाप्पासमोर बसून सिगारेटी विकतोस, आईला माहीत आहे का?

मग मी डेमो दिला. वाफ सोडली. सीमाकाकू पूजेची व्यवस्था बघतात, त्या धावत आल्या. मला वाटलं, आता ओरडणार. पण त्या म्हणाल्या, याला चंदनाचा वास देता येईल का रे? अलार्म वाजत नाही ना याने? मग आपल्याला उदबत्तीऐवजी हेच चालेल.

थक्क झालो. ई-उदबत्ती. अमेरिकेतली सगळी मंडळं, सगळी देवळं. सगळीकडे अलार्म आहेत. घरी आल्या आल्या मिस्टर लियूंना मेल केली. लाल दिवा टोकाला आहेच, हुबेहूब उदबत्ती दिसेल.

सिगारेटच्या ऑर्डरी: नाहीत. एक होती, ती एकनाथकाकांची, पण मागून काकू आल्या आणि काका म्हणाले की मी फक्त विचारत होतो.

७ सप्टेंबर, रविवार

दिवसभर ई-उदबत्तीचं डिझाइन. संध्याकाळी स्वानंदीने विचारलं, पण काका, उदबत्तीला ओढणार कोण?

ही अडचण आहे. ई-उदबत्ती तूर्तास बाजूला.

पण कालच्या फजितीत एक मोठा धडा होता. आपल्या माणसांत घरी काय येणार हे बायको ठरवते. सिगारेट म्हटलं की दार बंद. औषध म्हटलं की उघडं. आपल्याकडे औषधाला कुणी नाही म्हणत नाही. वहिनीच्या फ्रिजात काढे आहेत, कपाटात चूर्णं आहेत, कुणी सांगितलं, कधी सांगितलं, काही विचारलं जात नाही.

सीमाकाकूंना फोन केला. म्हटलं, काकू, काल नीट सांगायचं राहिलं. ते सिगारेटचं व्यसन सोडवायचं औषध आहे. काकू म्हणाल्या, मग तसं सांगायचं ना. आमच्या ह्यांच्यासाठी दोन लिही. आणि तासाभरात त्यांच्या ओळखीच्या सात जणींनी फोन केले. एकनाथकाकूंनी तीन सांगितली.

नागपूरचं डोकं आहे, उगाच नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

मिस्टर लियूंना कळवलं की प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापा: सिगारेट सोडवण्याचं औषध. डॉक्टरांनी मान्य केलेलं. मनोहरकाका डॉक्टर आहेतच आणि त्यांनी नाही म्हटलेलं नाही. लियूंनी विचारलं, आर यू शुअर? म्हटलं, शंभर टक्के. त्यांना आपला समाज माहीत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

दादाने शैलजाताईंना जेवायला बोलावलं होतं, मुद्दाम माझ्यासाठी, हे नंतर कळलं. त्या एका औषध कंपनीत आहेत. औषध बनवत नाहीत, औषधाचे कागद सरकारकडे पाठवतात. दिवसभर तेवढंच काम. अशी नोकरी असते हे मला माहीत नव्हतं.

मी सगळं उत्साहाने सांगितलं. त्यांचा वरणाचा घास हातातच राहिला. म्हणाल्या, अनीश, हे खोक्यावर छापलंस? अरे, इथे वस्तूत काय आहे ते नंतर बघतात, तू काय दावा करतोस ते आधी. औषध म्हणालास की औषध झालं. मग ते काम करतं हे सिद्ध करून दाखव. माणसांवर ट्रायल, डॉक्टर, वर्षानुवर्षं. आमच्या कंपनीचंही कंबरडं मोडतं त्यात, तुझं तर काय. त्यापेक्षा काहीच म्हणू नकोस. छपाई थांबव.

मी विचारलं, मग सिगारेट म्हणू? त्या म्हणाल्या, मग उद्या तंबाखूवाल्यांचे नियम. आज नाहीत, पण येतील. आणि नियम आले ना, की मोठ्या कंपन्या येतील. त्यांच्याकडे वकील असतात. नियम त्यांनाच परवडतात.

दादा माझ्याकडे बघत होता. वहिनीने मला उगाचच अजून एक पोळी वाढली.

ताईंचं कारण उघड आहे. त्यांची कंपनी सिगारेट सोडवायच्या निकोटिनच्या गोळ्या काढतेय. माझी धास्ती घेतली.

लियूंना मेल करणार होतो, पण छपाई झालीच असेल. उगाच त्यांना त्रास.

१७ सप्टेंबर, बुधवार

न्यूयॉर्कला बँका बुडतायत. शेअर बाजार कोसळला. दादाच्या ऑफिसात सगळे गप्प आहेत. मनोहरकाकांना फोन केला, काकूंनी उचलला, म्हणाल्या, ते टीव्हीसमोरून उठत नाहीत, नंतर कर. मला वाटतं ही आपल्यासाठी चांगली वेळ आहे. बाजारावर विश्वास उडाला की माणूस खऱ्या वस्तूकडे वळतो.

गराजमध्ये अभ्यास. आज सात.

४ ऑक्टोबर, शनिवार

माल जहाजावर आहे, गेल्या महिन्यातच निघाला. अठ्ठावीसला दिवाळी. वेळेत.

संकल्प: माल आला की गॅस स्टेशनचा अभ्यास पूर्ण बंद. कारण मग आपलंच यंत्र हातात असेल. तोवर पर्याय नाही.

वहिनीने माझं जॅकेट तीनदा धुतलं. स्वानंदी गाडीत माझ्या शेजारी बसत नाही. म्हणते, यू स्मेल लाइक अ गॅस स्टेशन. वहिनी म्हणाली, भावोजी, तुम्ही ओढता का? मी म्हटलं, वहिनी, मी ती सोडवायचा धंदा करतो. हे उत्तर मला स्वतःला फार आवडलं. तिला आवडलं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कस्टम्सच्या एजंटचा फोन. माल बंदरावर आला आहे, त्यांना एक प्रश्न आहे: ही वस्तू काय म्हणून आणताय? तंबाखू, इलेक्ट्रॉनिक्स की औषध? म्हणे, खोक्यांवर काहीतरी लिहिलंय ते त्यांनी वाचलंय, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय. आवाज दयाळू होता. दोनदा म्हणाला, टेक युवर टाइम, सर.

शैलजाताईंचं बोलणं आठवलं. पण मग सीमाकाकूही आठवल्या. शिवाय सरकारशी खोटं बोलू नये. ठामपणे सांगितलं, औषध.

मग तो म्हणाला, ओके सर. औषध असेल तर ते औषधखात्याकडे जाईल.

चला, योग्य खात्याकडे गेलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

मंडळाची दिवाळी. माल नाही. सीमाकाकूंनी लांबूनच विचारलं, औषध आलं का? म्हटलं, सरकार तपासतंय. काकू खूश. सगळ्यांना सांगत सुटल्या की सरकार तपासून देणार आहे, किती चांगलं.

मनोहरकाका चिवड्याची प्लेट घेऊन कोपऱ्यात उभे होते. वजन उतरलंय त्यांचं. म्हणाले, आला का? मी म्हटलं, बंदरापर्यंत आला. ते म्हणाले, बंदर कॅरीत नाही. मी एक महिना मागितला. त्यांनी हो म्हटलं नाही, पण चिवडा पुढे केला.

एकनाथकाका पार्किंगमध्ये भेटले. लपून ओढत होते. मला बघून दचकले, मग माझ्या हातातली बघून हसले. दोघं गाडीमागे उभे राहिलो. म्हणाले, ते तुझं औषध लवकर आण बाबा, हिने आता पैसे भरलेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

निर्णय आला. एजंटने वाचून दाखवला. आमचा माल मंजुरी नसलेलं औषध आहे. देशात येऊ शकत नाही. दोनच मार्ग: परत पाठवा किंवा नष्ट करा. दोन्हीचा खर्च माझा. नष्ट करणं स्वस्त, तेच सांगितलं.

मी विचारलं, मंजुरी कशी मिळते? तो म्हणाला, ट्रायल करून, सर. मी म्हटलं, आणि त्याआधी खोक्यावरचा मजकूर खोडला तर? मार्कर आहे माझ्याकडे. तो म्हणाला, सर, औषध आहे असं तुम्हीच मला फोनवर सांगितलंय.

लियूंना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की दुसरे ग्राहक खोक्यावर काहीही छापत नाहीत, म्हणून तर मी विचारलं होतं. त्या दुसऱ्यांपैकी एक फ्लोरिडात दुकान उघडतोय.

हे सरकारचं धोरण म्हणजे अन्याय आहे. पाकिटात विष विकायला मोकळीक आणि माझ्या वाफेला ट्रायल. यावर लेख लिहिणार. दोन ओळी लिहिल्या. मग गॅस स्टेशनवर गेलो, ते बंद होतं, पुढच्यापर्यंत चाललो.

सीमाकाकूंना काय सांगायचं?

१५ नोव्हेंबर, शनिवार

सीमाकाकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे सरकारनेच नको म्हटलं? मग बरं झालं बाई, आमच्या ह्यांना दिलं नाही. सगळ्यांचे पैसे परत केले. दादाने केले, म्हणजे.

मनोहरकाकांकडे शेवटचा प्रयत्न. म्हटलं, काका, उद्या नियम बनतील, धंदा मोठा होईल, आपण आतापासून जागा धरून ठेवू. काका शांतपणे म्हणाले, तुझं म्हणणं बरोबर आहे, होईल मोठा. पण अनीश, ज्याच्याकडे तोवर थांबायची ताकद असेल, त्याचा होईल. तुझ्याकडे नाही, आता माझ्याकडेही फारशी नाही. जे उरलं ते शैलजाच्या कंपनीत टाकलंय, त्या गोळ्यांत. त्यांच्याकडे कागद आहेत.

काकूंनी पोहे विचारले नाहीत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग

सुट्टी. दादाने गराजमध्ये येऊन खुर्ची ओढली. शेजारी बसला. मी पाकीट लपवलं नाही, लपवण्यासारखी जागाच नव्हती. तो म्हणाला, किती ओढतोस? म्हटलं, मोजत नाही, टेस्टिंग संपलं की बंद. तो म्हणाला, कशाचं टेस्टिंग, अन्या? माल तर नष्ट झाला.

मी थोटूक विझवलं. तो म्हणाला, काकांना, म्हणजे तुझ्या बाबांना, मी कळवलेलं नाही. सासूसासरे सोळाला येतायत. चँडलरचं तिकीट काढू का?

म्हटलं, एक आठवडा दे. माझ्याकडे एक प्लॅन आहे.

प्लॅन नाही. उद्या करू.

२ डिसेंबर, मंगळवार

संकल्प: आजपासून एकही नाही.

२ डिसेंबर, संध्याकाळ

वर लिहिलेलं उद्यापासून. आज वहिनीने खोली रिकामी करायला घेतली, अशा वातावरणात जमत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

शैलजाताईंचा फोन. मला वाटलं, टोमणे मारणार. त्या म्हणाल्या, शुभाने सांगितलं मला. आमच्या गोळ्यांची ट्रायल चालू आहे, डरहॅमला. सिगारेट सोडू इच्छिणारी माणसं हवी आहेत. येण्याजाण्याचे आणि वेळेचे पैसे देतात, शेजारच्या इमारतीत राहायची सोय आहे. माझी शिफारस चालत नाही, तूच फोन कर. आणि खरं बोल.

म्हणजे औषध उद्योगात प्रवेश. उलट्या बाजूने, पण प्रवेश. आतून सगळी पद्धत बघायला मिळेल. दादाला हेच सांगितलं. तो म्हणाला, जा बाबा. वहिनीने डबा द्यायचं कबूल केलं.

९ डिसेंबर, मंगळवार. डरहॅम

धाकधूक होती, घेतात की नाही. रोजच्या किमान दहा सिगारेटी ओढणारा माणूस लागतो. नर्सने श्वासातला धूर मोजायच्या नळीत फुंकायला लावलं, आकडा बघून म्हणाली, नो प्रॉब्लेम, हनी, यू आर इन. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एखाद्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झालो.

मग प्रश्न. सिगारेट कधीपासून? म्हटलं, ऑगस्टपासून. तिने वर पाहिलं. कुठल्या वर्षीच्या? म्हटलं, याच.

व्यवसाय? म्हटलं, सध्या नाही.

पूर्वी सोडायचा प्रयत्न केला होता का, आणि कशाने? म्हटलं, एक इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे, त्यातून वाफ येते, धूर नाही. तिने ते नाव कधी ऐकलं नव्हतं. स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. मग म्हणाली, त्याचा उपयोग झाला का? झाला असेल तर आम्हाला तुम्हाला घेता येणार नाही.

खिडकीतून खाली पार्किंग दिसत होतं. दादा गाडी चालू ठेवून, माझी बॅग मागे घेऊन बसला होता.

मी म्हटलं, नाही झाला.

तिने फॉर्मवर खूण केली आणि म्हणाली, डोंट फील बॅड. ती फसवी औषधं विकणारे लोक फार असतात.